एक वही, चार दफ्तरे

कोणा एका धन्याची चाकरी न पत्करता अनेकांची कामे अंगावर घेऊन निर्वाह करणाऱ्या मनुष्याला पूर्वी मुख्यतः दोन चिंता असत. काम मिळेल की नाही ही पहिली, आणि मिळालेल्या कामाचा मोबदला मुदतीत हाती पडेल की नाही ही दुसरी. गेल्या दोन दशकांत यांत तिसरीची भर पडली आहे, आणि ती अशी की, काम देणारा प्रत्येक यजमान हल्ली कामाबरोबर आपले दफ्तरही गळ्यात घालतो. एकाचे निरोप स्लॅकवर येतात, दुसऱ्याची कामे ट्रेलोच्या फळ्यावर टांगलेली असतात, तिसरा जिरामध्ये नोंद पडल्याखेरीज काम झाले असे मानीत नाही, आणि चौथा, जो बहुधा आपल्याच तालुक्यातला असतो, सर्व व्यवहार व्हॉट्सॲपवरील ध्वनिसंदेशांनी उरकतो. बेसकॅम्प २००४ साली, ट्रेलो २०११ साली आणि स्लॅक २०१३ साली निघाले ते त्या त्या कचेरीतील गोंधळ आटोक्यात आणण्यासाठीच. परंतु कचेरीच्या आतल्या मनुष्याला त्यांपैकी एकाशीच गाठ असते आणि बाहेरच्याला मात्र सर्वांशीच जुळवून घ्यावे लागते, या साध्या गोष्टीचा विचार ही साधने रचणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना पेढी नदीच्या काठी वलगाव लागते. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी याच गावाजवळ, अमरावतीच्या वाटेवर असताना देह ठेवला, म्हणून या गावाचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. मी ज्या संवादाची हकीकत सांगणार आहे त्याचा विषय मात्र निव्वळ ऐहिक होता. संवाद झाला तो एका मामा-भाचीत. मामांनी उभी हयात अमरावतीच्या कापूस बाजारात एका अडत्याकडे मुनीमकी करण्यात घालविली. भाची वलगावातच घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतर आणि मराठी ग्रंथांची अक्षरजुळणी ही दोन्ही कामे करते. मी पाहुणा होतो, आणि पाहुण्यासमोर घरचा वाद जरा जास्तच शास्त्रशुद्ध होतो, हे ध्यानात ठेवून वाचकाने पुढील मजकूर वाचावा.

भाचीचे चार यजमान. पुण्याकडील एका प्रकाशकाला मजकूर हवा असतो तो श्रीलिपीच्या जुन्या टंकात आणि पेजमेकरच्या फायलीत. वस्तुतः पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ साली निघाली, युनिकोडमधील देवनागरी तिला उमगत नाही, आणि तो टंक ज्याच्या यंत्रात नाही त्याला त्या फायलीत मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. बंगळूरच्या भाषांतर संस्थेचे काम मेमोक्यूमध्ये चालते, जेथे ग्रंथाची वाक्ये सुटी करून एकेका चौकटीत मांडलेली असतात. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने तिला आपल्या स्लॅकमध्ये आणि असानामध्ये पाहुणी म्हणून घेतले आहे. चौथी संस्था अमरावतीची; तिच्या अहवालाचा मसुदा दहा माणसे तपासतात आणि दहाही जण आपापल्या दुरुस्त्या व्हॉट्सॲपवर पानांची छायाचित्रे काढून पाठवितात.

"मामा, मी ठरवून टाकलं," ती म्हणाली. "आता माझा एकच फळा. ज्याला माझ्याकडून काम करून घ्यायचं असेल त्याने तिथे यावं, तिथे लिहावं, तिथेच दुरुस्त्या सांगाव्यात. चौघांची दारं ठोठावत मी दिवस काढायचा, आणि काम रात्री करायचं, हा कुठला न्याय?"

मामांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "आणि ते येतील काहून?"

"त्यांना काम चांगलं हवं असेल तर येतील."

"काम चांगलं करणारी तू एकलीच आहेस का, बाप्पा? कास्तकार कापूस घेऊन बाजारात यायचा तेव्हा त्याचाही माल चांगलाच असायचा. पण माझ्या घरच्या तराजूने मोजा, असं तो अडत्याला म्हणू शकत नव्हता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि ज्याचा माल त्यालाच तो कळायचा नाही. कारंज्याचा बाजार १८८६ साली नियमाखाली आला, मग १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला, तेव्हा कुठे त्या कारभाराला शिस्त लागू लागली. ती एकट्यादुकट्याच्या हट्टाने लागली नाही."

येथे मला मामांची बाजू बळकट वाटली, आणि भाचीच्याच व्यवसायातील एक दाखला त्यांच्या साह्याला धावून येतो हे मी बोलून दाखविले. भाषांतराच्या साधनांत आपसांत देवघेव व्हावी म्हणून टीएमएक्स हा नमुना १९९८ च्या सुमारास आणि एक्सलिफ हा २००२ साली सिद्ध झाला; ते सिद्ध केले साधने बनविणाऱ्या आणि वापरणाऱ्या कंपन्यांच्या समित्यांनी. एखाद्या भाषांतरकाराने आपल्या घरून तसा आग्रह धरला असता तर त्याची दखल कोणी घेतली असती असे वाटत नाही.

"बरं, फळा राहू द्या," भाची म्हणाली. "मग चौघांच्या चार वह्या सांभाळत बसायचं?"

"चौघांच्या सांभाळायच्या, आणि पाचवी आपली," मामा म्हणाले, आणि त्यांनी जो इतिहास सांगितला तो मी माझ्या शब्दांत देतो, कारण त्यांच्या सांगण्यात सुपारीचे आणि आठवणींचे अडथळे फार होते. या वऱ्हाड प्रांतावर एकेकाळी दुअंमली होती. एकाच गावाच्या वसुलावर निजामाचा अंमलदार हक्क सांगे आणि नागपूरकर भोसल्यांचाही सांगे, व ही स्थिती देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलुखावरचा हक्क सोडीपर्यंत टिकली. ज्या डिसेंबर १८०३ मध्ये हा तह झाला तो महिना निजामाच्या दफ्तरात फसली सन १२१३ चा, मराठी कागदांत शुहूर सन १२०४ चा, आणि गावच्या जोशाच्या पंचांगात शके १७२५ चा होता. गाव तेच, रान तेच, जोंधळाही तोच. परंतु ज्या सरकारचा कागद त्या सरकारचा सन, असा लेखणीचा शिरस्ता. गावच्या पांड्याने, म्हणजे ज्याच्याकडे लिहिण्याचे वतन असे त्याने, दोन्ही सरकारांनी आधी एक सन ठरवावा मग मी लिहीन, असा पवित्रा घेतला असता तर त्याचे वतन राहिले नसते. ज्याला जसे हवे तसे त्याने लिहून दिले, आणि कोणत्या शेताचे किती येणे हे आपल्या घरच्या रुमालात बांधून ठेवले.

"ज्याच्या घरी जेवायला जावं त्याच्या ताटात जेवावं, पोरी," मामा म्हणाले. "भूक किती ते मात्र आपलं आपण ओळखावं."

भाची हसली नाही. "मामा, तुमच्या त्या पांड्याला वतन होतं. इनामाची जमीन होती, पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क होता. दोन सरकारांसाठी दोनदा लिहिलं म्हणून त्याची चूल विझत नव्हती. मला शब्दागणिक पैसे मिळतात. असानात नोंद केली, स्लॅकवर कळवलं, त्यांच्या वेळपत्रकात तास भरले, मग ईमेलने पुन्हा तेच लिहिलं. यातल्या एकाही ओळीचा मला पैसा मिळत नाही. ज्या लिहिण्याचं वतन मला नाही ते लिहिणं मी काहून करू?"

हे उत्तर निरुत्तर करणारे होते, आणि माझ्या मते त्या दुपारी बोलल्या गेलेल्या सर्व वाक्यांत तेच मोलाचे होते. जुन्या कारभाराचा गौरव करताना आपण लेखकाची निष्ठा पाहतो आणि त्या निष्ठेखाली असलेली इनाम जमीन विसरतो. मामा काही वेळ गप्प राहिले, पण मुनीम हरलेली बाजी दुसऱ्या खात्यावर फिरवून मांडतो, तसे ते आण्या-पैशांकडे वळले.

१ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हा मामांचे वडील त्याच अडतीवर मुनीम होते. आण्याचे सव्वासहा नवे पैसे; हा पाव पैसा कोणाच्या पदरात टाकावा यावरून बाजारात रोज कटकट होई. जुनी नाणी लगेच बंद झाली नव्हती, कास्तकार आण्यांत विचारी, बँक नव्या पैशांत लिही, आणि लगोलग ऑक्टोबर १९५८ पासून शेर-मणांच्या जागी किलोग्रॅम येऊ लागले. "वडिलांनी वही बदलली नाही," मामा म्हणाले. "रोजकिर्दीत एक रकाना वाढवला. ज्याला जे नाणं कळतं त्यात त्याला सांगायचं, आणि संध्याकाळी सगळं एका नाण्यात उतरवून ताळा पाहायचा. धन्याच्या वहीत काय लिहायचं ते धनी सांगतो. आपल्या वहीत काय लिहायचं ते कोणाला विचारू नये."

हे सर्व यंत्राने आपोआप करण्याची सोय आता आहे, हे भाचीने सांगितले. जॅपियरसारख्या सेवा एका साधनातील नोंद दुसऱ्यात उतरवून देतात. परंतु दुसऱ्याच्या स्लॅकमध्ये पाहुणी म्हणून राहणाऱ्याला अशी जोडणी करायची तर बहुधा तेथील व्यवस्थापकाची परवानगी लागते, कॅलिफोर्नियाची कंपनी ती देत नाही, आणि श्रीलिपीतल्या फायलीशी किंवा व्हॉट्सॲपवरील पानाच्या छायाचित्राशी कोणतीही जोडणी बोलू शकत नाही. शिवाय आपोआप येणाऱ्या नोंदीत काम आणि कोलाहल सारख्याच तोऱ्याने येतात. यावर मामांनी विचारलेला प्रश्न साधाच होता: "नोंद कशाला म्हणायचं हे यंत्राला कोण सांगतं?" आणि त्याचे उत्तर शोधता शोधता दोघेही, आपण भांडत होतो हे विसरून, त्या पाचव्या वहीचे रकाने आखू लागले.

पहिला रकाना तारखेचा, आणि येथे शके-फसलीची गोष्ट निराळ्या वेषात परत आली. अमेरिकन फळ्यावर ०५/०६ असे लिहिले तर ती मे महिन्याची सहा तारीख, आणि अमरावतीच्या संदेशात तेच लिहिले तर जूनची पाच. दोन्ही यजमानांच्या मुदतींत महिनाभराचे अंतर आणि अक्षरे तीच. म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम, जो १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरला, तोच घरच्या वहीत असावा असे ठरले. वेळ वलगावची. कॅलिफोर्नियाचे घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेतेरा तास आणि उन्हाळ्यात साडेबारा तास चालते, कारण ते लोक मार्चात आणि नोव्हेंबरात आपली घड्याळे हलवितात व आपण हलवीत नाही. त्यांच्या हिवाळ्यातील शुक्रवारच्या संध्याकाळचे पाच म्हणजे वलगावात शनिवारच्या पहाटेचे साडेसहा. ही बेरीज-वजाबाकी काम अंगावर घेताना एकदा करून घरच्या वेळेत लिहावी, असे मामा म्हणाले, मुदतीच्या रात्री करीत बसू नये. मग यजमानाचा क्रमांक आणि त्याशेजारी आपला क्रमांक, काम कोणी सांगितले, किती शब्द, कधी पाठविले, आणि कधी पसंत पडले.

या शेवटच्या रकान्यावर दोघे अडले, आणि तो अडथळा मी विस्ताराने सांगतो, कारण स्वतंत्र कामगारांचे खरे नुकसान येथेच होते. भाचीचा अनुभव असा की, एका कंपनीचे काम संपले त्याच संध्याकाळी तिचे पाहुणेपण संपले. स्लॅकचे दार बंद झाले, आणि "उत्तम झाले, देयक पाठवा" हा निरोप दाराच्या आत राहिला. जेथे दार उघडे असते तेथेही निश्चिंत राहता येत नाही. स्लॅकच्या विनामूल्य योजनेत सप्टेंबर २०२२ पासून मागील नव्वद दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत.

"म्हणून तर म्हणतो, आपली वही," मामा म्हणाले.

"आपली वही मी लिहिलेली. ती कोण मानेल?"

मामांना कोर्टकचेरीची माहिती होती, आणि प्रामाणिक मनुष्य असल्यामुळे त्यांनी ती स्वतःच्या बाजूविरुद्धही सांगितली. व्यवहाराच्या ओघात नियमितपणे ठेवलेल्या हिशेबाच्या वहीतील नोंद पुरावा म्हणून ग्राह्य आहे, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे चौतिसावे कलम सांगत असे, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते कायम ठेवले आहे. परंतु तेवढ्याच एका नोंदीवर कोणाच्या अंगावर देणे लादता येत नाही, हेही तेच कलम सांगते. नोंदीला जोड हवी. "आम्ही काट्याची चिठ्ठी वहीला टाचून ठेवायचो," मामा म्हणाले. तेव्हा असे निघाले की, पसंतीचा निरोप ज्या साधनात आला असेल तेथेच न सोडता त्याच दिवशी त्या यजमानाला ईमेलने दोन ओळी पाठवाव्यात की, अमुक तारखेला अमुक काम पोहोचले आणि आपण ते पसंत केले, त्याचे देयक सोबत आहे. ईमेल हे सर्वांत जुने आणि सर्वांत कंटाळवाणे साधन असले तरी त्याची प्रत पाठविणाऱ्याच्या घरी राहते.

या दोन ओळींचे मोल कायद्यानेच वाढविले आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखाली, नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाची सेवा घेतल्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर ती स्वीकारली असे धरले जाते. करारात काहीही लिहिले तरी पैसे देण्याची मुदत पंचेचाळीस दिवसांपलीकडे नेता येत नाही. आणि ती उलटल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज चढते. घरी बसून भाषांतर करणारी एकटी स्त्रीदेखील उद्यम नोंदणी करून या कायद्याच्या छत्राखाली येऊ शकते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. सातासमुद्रापलीकडील कंपनीला या कायद्याचा धाक नाही हे खरे. पण पुण्याच्या प्रकाशकाला आणि अमरावतीच्या संस्थेला तो लागू पडतो, आणि त्या दोघांच्याच देयकांना सर्वांत जास्त तगादा लावावा लागतो, असे भाचीने हळूच सांगितले.

एका बाबतीत मामांचे धोरण कमी पडले. त्यांच्या मते प्रत्येक कामाची नक्कल घरी असावी. "बंगळूरकरांचा मजकूर त्यांच्याच सर्व्हरवर राहतो," भाची म्हणाली, "आणि त्याची नक्कल घेणार नाही असं मी करारात लिहून दिलंय." मामांच्या काळी कापसाला गुप्ततेचा करार नसे. अखेर नक्कल सोडून द्यावी आणि कामाची हकीकत तेवढी, म्हणजे तारीख, शब्दसंख्या, पसंती, वहीत असावी, येथे ते थांबले. पुण्याच्या कामापुरता निराळा नियम ठरला. मजकूर प्रथम युनिकोडमध्ये सिद्ध करून घरी ठेवायचा आणि श्रीलिपीत उतरविणे ही पाठवणीपूर्वीची शेवटची क्रिया समजायची, म्हणजे पुढल्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकाने साधन बदलले तरी पुस्तक पुन्हा टंकावे लागणार नाही.

"पण मामा, वतनाचं काय?" तिने मूळ प्रश्न सोडला नव्हता. "हे सगळं लिहिण्याचे पैसे?"

मामांनी दिलेले उत्तर मला अनपेक्षित होते, कारण मी त्यांना सेवाधर्माचे कैवारी समजत होतो. "अडतीवर हमाली निराळी, तोलाई निराळी, अडत निराळी. प्रत्येकाची ओळ पट्टीवर दिसायची. कोणी म्हणायचं नाही की कापूस घेतला तर तोलून फुकट द्या. तुझ्या देयकात एकच ओळ असते, शब्दांची. ज्याला आपल्या दफ्तरात तुला बसवायचंय त्याच्या देयकात बसण्याची ओळ घाल."

"म्हणजे मी त्यांना माझ्या फळ्यावर आणायचं नाही, पण त्यांच्या फळ्यावर जाण्याचं भाडं घ्यायचं."

"मी तेच सकाळपासून सांगतोय," मामा म्हणाले. ते त्यांनी सकाळपासून मुळीच सांगितले नव्हते, परंतु वयाचा मान म्हणून आम्ही दोघांनी ते ऐकून घेतले.

माझा अभिप्राय विचारला गेला तेव्हा मी सांगितले तो असा. साधन कोणते वापरायचे हे ठरविण्याचा अधिकार एकट्या कामगाराला आज नाही, आणि त्यासाठी झगडण्यात त्याची शक्ती व्यर्थ जाते. त्या साधनात शिरण्याची किंमत सांगण्याचा अधिकार मात्र त्याला आहे, आणि तो न बजावणे ही बहुतेकांची सवय झाली आहे. तेथील नोंदींचा मेळ घालायला वेळ लागतो, तो वेळ कामाचाच भाग आहे, आणि आजवर तो यजमानांना फुकट मिळत आला म्हणून त्यांनी दफ्तरे वाढविताना हात आखडला नाही. भाचीची चीड यथार्थ होती, मामांची रीतही यथार्थ होती. तिची चीड देयकात आणि त्यांची रीत वहीत गेली तर दोन्हींचे चीज होईल.

भाचीने त्यानंतर आपल्या कबुलायतीच्या मसुद्यात दोन कलमे वाढविली. यजमान स्वतःचे साधन वापरण्याचा आग्रह धरील तर तेथील नोंदींच्या वेळाचे तासाप्रमाणे निराळे आकारले जाईल, हे पहिले. आणि काम संपल्यावर तीस दिवसांपर्यंत पाहुण्याचा प्रवेश बंद करू नये, हे दुसरे. कॅलिफोर्नियाच्या कंपनीने दोन्ही कलमे काही न बोलता मान्य केली. बंगळूरच्या संस्थेने पहिले नाकारले, परंतु शब्दाचा दर थोडा वाढवून दिला. अमरावतीच्या संस्थेने दुरुस्त्या यापुढे एकाच माणसाने एकत्र करून पाठवाव्यात असा ठराव केला आहे. पुण्याच्या प्रकाशकाचे उत्तर अद्याप आलेले नाही.